सही कोणाची?

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात सिस्टर आणि ज्युनिअर डॉक्टर मिळून अठरा जण होते. विषय एचपीव्ही लसीचा. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू, त्यातून गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो. लस कशी द्यायची ते सगळ्यांना येतं. कचरणाऱ्या आईशी बोलायचं कसं, हे शिकवायला मी गेले होते.

सकाळी मी आई झाले आणि समोर एका तरुण डॉक्टरला बसवलं. मी म्हटलं, "माझ्या मुलीला ही लस नको." त्यानं एका दमात सांगून टाकलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांमुळे होतात, लस सुरक्षित आहे, नऊ ते चौदा हे वय उत्तम. सगळं बरोबर. पण का नको, ते त्यानं विचारलंच नाही. खरं सांगायचं तर माझ्या स्लाइडही तशाच होत्या: डावीकडे गैरसमज, उजवीकडे उत्तर.

मग कोणीतरी विचारलं, "मॅडम, आंध्रात मुली मेल्या त्याचं काय?" हा प्रश्न येतोच. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात शाळकरी मुलींना प्रायोगिक म्हणून ही लस दिली होती. सात मुली दगावल्या आणि २०१० मध्ये काम थांबलं. चौकशीत कारणं निघाली ती बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक, मलेरिया अशी. लसीशी त्यांचा संबंध आढळला नाही. एवढं सांगून मी पुढे सरकणार, तोच मागच्या बाकावरच्या, निवृत्तीला आलेल्या सिस्टर बोलल्या, "आणि संमतीच्या कागदावर सही कोणाची होती?"

मी सांगितलं. बऱ्याच ठिकाणी हॉस्टेलच्या वॉर्डनची, हेडमास्तरांची. आईबापांची नव्हे.

"हां," एवढंच म्हणून त्या गप्प झाल्या.

दुपारी ओपीडीत प्रत्यक्ष बोलून बघायचं ठरलं होतं. दोडामार्गाहून लग्न होऊन इकडे आलेली एक बाई धाकट्याला ताप म्हणून आली होती. थोरली चौदाची. त्याच सिस्टरनी मुलाचं औषध आधी नीट समजावलं, मग थोरलीचा विषय काढला. बाईचा चेहरा आक्रसला. बोलणं मराठी-कोकणी मिसळ चाललं होतं. इथे मराठीत लिहिते.

"काय ऐकलंस बाय?"

बाईनं मोबाइल पुढे केला. एका हॉलमध्ये बाकांवर आडव्या झालेल्या मुली, कोणी वारा घालतंय, मागे रडका आवाज. मी असते तर पहिल्या दहा सेकंदांतच "हे खोटं आहे" म्हटलं असतं. सिस्टरनी चष्मा लावून तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मध्ये एकदा थांबवून परत मागे नेला.

"चक्कर खरी असू शकते गो. ह्या वयाच्या पोरी सुईला घाबरतात, कोणी उपाशी असतात, एक पडली की दुसरी पडते. म्हणून आम्ही पंधरा मिनिटं बसवून ठेवतो. पण पुढे मूल होणार नाही म्हणतात, ते खरं नाही. हिच्यात जिवंत विषाणू नसतोच, नुसतं वरचं कवच."

बाईनं आवाज खाली आणला. "पण तो रोग... कशानं होतो, ते ऐकलंय. पोरीला आत्ताच कशाला?"

"हा धाकटा जन्मला तेव्हा त्याला हिपॅटायटिस-बीची लस टोचली ना? तो आजारही त्या वाटेनं येतो. तेव्हा कोणाच्या मनात काही आलं?"

बाईला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून हसली. माझ्या चाळीस स्लाइडमध्ये हे उदाहरण नव्हतं.

"एक मात्र आहे," सिस्टर म्हणाल्या, "लस घेतली म्हणून कायमचं सुटलो असं नाही. तिशीनंतर तपासणी करायचीच. तूसुद्धा. केलीस कधी?"

नव्हती केली. तारीख ठरली. मुलीच्या लसीचं मात्र तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी विचारते म्हणाली. माझ्या शेजारचा तो तरुण डॉक्टर चुळबुळला. आणखी थोडं रेटलं असतं तर तिथेच हो म्हणाली असती, असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

"विचार," सिस्टर म्हणाल्या. "सोमवारी मी इथेच असते. घोवाला घेऊन ये. आणि पोरीलाही आण."

"पोरीला कशाला? सही आम्हीच करणार ना?"

"सही तुमची. पण दंड तिचा ना गो? तिलाही विचारूया."