पेढ्यांचा खोका

प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषधनिर्माता म्हणजे लोकांच्या लेखी खिडकीतला एक हात. चिठ्ठी घेणारा, गोळ्या देणारा. मागच्या खोलीत तो एक फ्रीजही सांभाळतो, हे कुणाला ठाऊक नसतं. त्याला आयएलआर म्हणतात. भिंतींना आतून बर्फाचं अस्तर, झाकण वरच्या बाजूला, आत तापमान २ ते ८ अंश. दिवसाला ८ तास वीज मिळाली तरी तो लसी टिकवतो. आमच्या साताऱ्याच्या पूर्व भागात तेव्हा भारनियमनामुळे ते ८ तासही तुकड्यातुकड्यांनी मिळायचे. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघायचा, आकडा रजिस्टरात लिहायचा. रविवार असो नाहीतर दिवाळी. काम नीट झालं तर काहीच घडत नाही, त्यामुळे त्याची बातमी व्हायचा प्रश्नच नाही.

२६ जानेवारी २००८. शनिवार होता. झेंडावंदन झाल्यावर तालुक्याला सत्कार होते. लसीकरणाचं उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या केंद्रांत आमचंही नाव होतं. बायकोनं नवा शर्ट कडक इस्त्री करून दिला होता. ती स्वतः पोराला घेऊन मागच्या रांगेत बसली होती. मोठ्या साहेबांना बोलावलं, मग दोन्ही सिस्टर, आरोग्य सहायक, शेवटी गाडीचे ड्रायव्हर. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो होतो, उठायला सोपं जावं म्हणून. निवेदकानं कागद उलटला आणि पुढच्या केंद्राचं नाव घेतलं.

आधी वाटलं, मागच्या बाजूला असेल. नव्हतं. टाइप करताना कुणीतरी एक ओळ गाळली असावी, यापलीकडे काही नसेल. पण टाळ्या वाजवताना हात जड होतात, एवढं खरं. साहेब फोटोत मला हाताला धरून उभं करतील असं वाटलं होतं. तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

येताना मोटारसायकलवर बायको बराच वेळ गप्प होती. गावाच्या फाट्यावर म्हणाली, "अहो, संध्याकाळचं रजिस्टर लिहायचंय ना?" मी म्हणालो, "आज नाही लिहिलं तर कोण विचारणारंय?" तिनं उत्तर दिलं नाही. तिला आणि पोराला घरी सोडलं आणि गाडी केंद्राकडे वळवली. श्रद्धेनं वगैरे नाही, सवयीनं.

वीज नव्हती. खोलीत शिरलो तर आयएलआरचं झाकण दोन बोटं वर. आत लसींच्या टोपल्यांवर पेढ्यांचा एक किलोचा खोका, त्यावर झाकण अडलेलं. थर्मामीटर १३ दाखवत होता.

शिपाईमामा धावत आले. "साहेब, सत्काराचं पेढं हुतं. सकाळी आणलं. खराब हुतील म्हणून थंडाव्याला ठिवलं वो." त्यांच्यावर तोंड टाकायला मी वळलो आणि कुलपाकडे लक्ष गेलं. कुलूप उघडून बाजूला ठेवलेलं होतं, किल्ली त्यातच. ही किल्ली माझ्या खिशातून कधी बाहेर पडत नाही. त्या दिवशी सकाळी मात्र मीच ती खिळ्याला अडकवून गेलो होतो. नव्या शर्टाचा खिसा फुगलेला दिसू नये म्हणून. फोटोत.

मामांना काही बोलू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे केंद्रात फारसं कुणी फिरकणार नव्हतं. रागापोटी मीही फिरकलो नसतो, तर सोमवार सकाळपर्यंत झाकण तसंच राहिलं असतं.

डीप फ्रीजरमधले आइसपॅक बाहेर काढले. ते लगेच वापरता येत नाहीत. आतलं पाणी खळखळ वाजेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर डीपीटी या त्रिगुणी लसीच्या बाटल्या गोठतात, आणि गोठलेली डीपीटी फेकूनच द्यावी लागते. मग कोल्डबॉक्स भरला. पोलिओच्या बाटल्या तपासायला मागे ठेवल्या, कारण उष्णतेला सगळ्यांत हळवी ती. तिच्या लेबलवर जांभळं वर्तुळ असतं, त्यात पांढरा चौकोन. ऊब लागत जाईल तसा चौकोन काळवंडतो, आणि वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. ३४ बाटल्या होत्या. मामा बॅटरी धरून उभे राहिले, मी एकेक बाटली उजेडापुढे फिरवत होतो. प्रत्येक बाटलीला तोंडातून आपोआप 'रामकृष्णहरी' निघत होतं. आमच्या घरातली सवय.

वडील आठवले. दिंडीच्या ट्रकवर ते स्वयंपाकाला असायचे. पालखी निघायच्या आधी ट्रक पुढच्या मुक्कामाला, तिथं चुली मांडायच्या, लोक पोचेपर्यंत भाकरीची चवड तयार. १७ वाऱ्या केल्या, पण चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण नाही की सदाशिवनगरचं गोल नाही, एकदाही पाहिलं नाही. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, वाईट नाही वाटत? तर हसून म्हणाले, "माझी भाकरीच पळती की रं रिंगणात." तेव्हा मला तो विनोद वाटला होता. बाटल्या बघताना तो विनोद वाटेना. पण त्यांच्यासारखं हसूही येईना, हेही सांगतो.

सगळ्या बाटल्यांचा चौकोन फिकट निघाला. एकही बाद झाली नाही.

उरलं रजिस्टर. सकाळी मी ५ लिहिलं होतं. आता ६ लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मामा तर माझ्या तोंडाकडेच बघत होते. लाल पेनानं १३ लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'किल्ली बाहेर राहिली' असं लिहून सही केली. मामांचं नाव घातलं नाही. किल्ली त्यांनी ठेवली नव्हती. साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लसी नीट आहेत ना विचारलं आणि म्हणाले, "लेखी द्यावं लागेल." सत्काराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

रात्री वीज आली. मशीनची घरघर सुरू झाली तसे मामा खोका घेऊन समोर उभे राहिले. "एक तर घ्या." घेतला. लसींसारखेच पेढेही उत्तम टिकले होते.

पुढच्या आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस आली. त्या वर्षी सरकारी कागदावर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि एकही चूक न होता, टाइप झालं ते तेवढ्या त्या नोटिशीवर.