एका गावात चार विठ्ठल जाधव: त्यातले आपले कोणते?

आडनाव दुर्मीळ असेल तर वंशावळीचे अर्धे काम आधीच झालेले असते. पण जाधव, पवार, शिंदे, मोरे अशी आडनावे आणि त्यात विठ्ठल, पांडुरंग, गणपत, महादू ही नावे असली की एकाच गावच्या दप्तरात तेच नाव चार-चार वेळा भेटते. अशा वेळी नावामागे धावू नये, जमिनीमागे जावे. विठ्ठल जाधव चार असतील, सर्व्हे नंबर आणि हिस्सा मात्र गावात एकच.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. खातेदाराच्या नावाशेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर असतो. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, काढला की वारसनोंदीत कोण कधी वारला आणि मागे बायको, मुलगे, मुली कोण राहिले हे एकत्र मिळते. मग त्याआधीचा सातबारा, त्यावरचा नंबर, त्याचा फेरफार, असे एकेक पायरी मागे जायचे.

ही साखळी तुटते ती बहुतेक वेळा एकत्रीकरणाशी. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या 1947 च्या कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट झाले. नवा गट 214 आणि जुना सर्व्हे नंबर 214 यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. गट नंबर घेऊन जुने दप्तर चाळले तर भलत्याच जाधवांच्या शेतात जाऊन पोचाल, आणि नाव जुळत असल्यामुळे चूक लक्षातही येणार नाही. म्हणून जुना-नवा नंबर दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून आधी घ्या. मराठवाड्यात 1954-55 चे खासरा पत्रक (जमीन कोणाकडे होती याची जुनी नोंद) हा पाया धरावा.

सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ दिसले तर थांबा. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे बहुधा थोरला भाऊ. बाकीच्या भावांची नावे कागदावर नाहीत म्हणून ते नव्हतेच असे धरू नका.

सर्वांत जास्त घोळ होतो तो आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीने. पांडुरंग विठ्ठल, त्याचा मुलगा विठ्ठल पांडुरंग, त्याचा पुन्हा पांडुरंग विठ्ठल. पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन पांडुरंगांना एकच समजले की दोन पिढ्या गिळल्या जातात. एकच नाव साठ वर्षांहून जास्त काळ खातेदार म्हणून दिसत असेल तर ती दोन माणसे आहेत असेच धरून चालावे आणि मधला वारस फेरफार शोधावा. दोन भावांनी आपापल्या मुलाला आजोबांचेच नाव दिले तर एका वाड्यात दोन विठ्ठल होतात. तिथे बापाचे नाव उपयोगी पडते, आणि बापही सारख्या नावाचे असतील तर बायकोचे. मात्र बायकोचे नाव सासरचे आहे की माहेरचे हे पाहा. लग्नात बदललेले नाव वारसनोंदीत असते आणि माहेरच्या कागदात दुसरेच.

नावाची रूपेही एकाच यादीत लिहून घ्या. विठ्ठल म्हणजे विठू, विठोबा, इठू, इठोबा. ज्ञानदेव म्हणजे ज्ञानू, ग्यानू, ग्यानबा. जुन्या कागदात ‘विठू बिन राणू’, म्हणजे राणूचा मुलगा विठू, असे असते, काही भागांत बिनच्या जागी ‘वलद’, आणि बायकांसाठी नवऱ्याच्या नावाआधी ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे बिनच्या अलीकडचे-पलीकडचे नाव नीट तोडून वाचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख या पदव्या आहेत. मूळ आडनाव वेगळे असू शकते, म्हणून दोन्हींखाली शोधावे. दगडू, धोंडू, केरू, भिका अशी नावे मात्र सोन्यासारखी. आधीची मुले दगावली की अशी नावे ठेवत, म्हणून त्याच बापाच्या नावावर आधीच्या पाच-सात वर्षांतल्या बालमृत्यूंच्या नोंदी पाहा.

त्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असतात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी, एवढेच. त्यामुळे तहसील कार्यालयात ‘विठ्ठलची जन्मनोंद द्या’ असा अर्ज निष्फळ जातो. अमुक गावचे, अमुक ते अमुक सालचे नमुना 14 पाहायला मागा आणि बापाच्या नावावर शोधा. पाहताना फक्त आपले नाव उतरवू नका. त्या आडनावाच्या त्या नावाचे सगळे पुरुष एका तक्त्यात घ्या: बाप, बायको, सर्व्हे नंबर, मृत्यूचे साल. इतर विठ्ठल एकेक करून बाद झाले तरच उरलेला आपला. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख 1 जून असेल तर तिच्यावर दोन माणसे वेगळी करू नका. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने प्रवेशाच्या वेळी अंदाजे वय धरून गुरुजींनी ती लिहिलेली असते. इसवी सन काढायला शके सालात 78 मिळवा, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी 79. फसली, म्हणजे जुन्या महसुली, सनात 590 किंवा 591, कारण ते जूनच्या सुमारास पालटते.

शेवटचा आधार तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांच्या, चोपड्यांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया. तीन-चार पिढ्या एका पानावर बांधणारा दुसरा कागद मिळणे अवघड. तिथे राहते गाव सांगू नका, मूळ गाव सांगा, आणि भावकीतली दोन-तीन नावे सोबत न्या. एकाच गावच्या जाधवांची पाने वेगवेगळी असतात. पान सापडले की नोंदीची तिथी आणि ती कोणी लिहिली हेही उतरवून घ्या. यात्रेकरूने स्वतः लिहिलेली बापजाद्यांची नावे ऐकीव नावांपेक्षा भरवशाची. आणि परतण्याआधी त्याच पानावर आपल्या घरातल्या सगळ्यांची नावे लिहा, लेकी-सुनांची माहेरच्या नावांसकट, कारण पुष्कळ जुन्या पानांवर नेमकी तीच नसतात.