काळविटाच्या लेंड्यांतून उगवणारी वेडी बाभूळ

सोलापूर जिल्ह्यातील गवताळ माळावर मी वन्यप्राण्यांच्या विष्ठेतील बियांचा अभ्यास करतो. विष्ठा भिजवायची, चाळणीतून धुवायची आणि उरलेल्या बिया ओळखायच्या, असे हे काम. काळविटाची सुकी लेंडी नखाने फोडली की कधी कधी वेड्या बाभळीची सपाट, तपकिरी बी अखंड बाहेर येते. उन्हाळ्यात गवत संपल्यावर हरणे या झाडाच्या गोड शेंगा आवडीने खातात. गर पचतो, पण कठीण कवचातील कितीतरी बिया दात आणि पोट दोन्हींतून सुखरूप सुटतात.

पहिला मोठा पाऊस झाल्यावर आम्ही बाभळी तोडून मोकळ्या केलेल्या पट्ट्यात गेलो. एका नराने आपल्या हद्दीत वारंवार एकाच जागी टाकलेल्या लेंड्यांच्या ढिगातून वेड्या बाभळीची रोपे दाटीने वर आली होती. काहींच्या जाड बीजदलांना लेंडीचा भुसा अजून चिकटलेला होता. हातभर अंतरावरच्या गवतात मात्र एकही रोप नव्हते.

"शेळ्या तर आत येत नाहीत, साहेब, मग ही पेरणी केली कुणी?" बरोबरच्या वनमजुरांनी विचारले. मी त्यांच्या तळहातावर एक लेंडी फोडून दाखवली.

लांडगा लांबून दिसावा म्हणून काळविटांना उघडा माळ हवा असतो. माद्या तिथे येतात, म्हणून नरही तिथेच हद्द धरतात आणि लेंड्यांचे ढीग घालतात. त्यामुळे बाभळीच्या रोपाला लागणारे ऊन आणि खत दोन्ही त्याच जागी मिळते. गुजरातमधील वेळावदरच्या काळविटांवरील, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही नरांच्या अशा जागांवर या बिया अधिक आढळल्या होत्या. 1877 च्या सुमारास भारतात आणलेल्या या अमेरिकन झाडाला आपल्या माळावर इतका नेमका वाहक मिळाला आहे, आणि ज्या प्राण्यासाठी आपण माळ राखतो तोच त्यावर झुडपे वाढवतो आहे, हे मला स्वस्थ बसू देत नाही.

तोडणीचे कामही चुकीच्या पद्धतीने होते. ठेकेदाराची माणसे खोड जमिनीलगत कापतात. मुळाची मान खणून काढली नाही, तर त्याच बुंध्याला पुन्हा अनेक फुटवे येतात. लेंड्यांचे ढीगच उचलून न्यावेत, तर ती नराच्या हद्दीची खूण आहे; ती हलवली तर तो जागा सोडेल का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. सध्या माझी मागणी एवढीच आहे की जुलैमध्ये, रोपांची मुळे कोवळी असताना, ढिगांवरची रोपे हाताने उपटण्यासाठी मजूर मिळावेत. मंजुरी मात्र मार्चअखेरच्या तोडणीलाच मिळते.