मिलिग्रॅम आणि किलो

कुपवाड एमआयडीसीत झिंक प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडी भागांवर जस्ताचा थर चढवायचं, जॉबवर्क करणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट आहे. बाथचं, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीचं, टायट्रेशन, पार्टीच्या म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी आणि इटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, तिन्ही माझ्याकडंच. प्रदूषण मंडळाचे साहेब यायचे म्हटलं की मालकांचा घास अडकतो. पण त्या दिवशी साहेबांना आम्हीच अर्ज करून बोलावलं होतं.

अर्जाचं कारण सांगायला थोडं मागं जावं लागेल. झिंक चढवल्यावर बोल्ट किंवा ब्रॅकेट गंजू नये म्हणून वरून पॅसिव्हेशन करतात. आमच्याकडं पूर्वी पिवळं पॅसिव्हेशन चालायचं, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम. हा क्रोमियम कर्करोगकारक. युरोपनं 2000 सालच्या निर्देशानं गाड्यांच्या सुट्या भागांत त्याच्यावर बंधनं आणली आणि पुढं हळूहळू आपल्याकडच्या वाहन कंपन्यांनीही त्याच्या जागी कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमियमच मागायला सुरुवात केली. आम्हीही बदललो. महाग पडतं, बाथचा पीएच सांभाळताना डोळ्यात तेल घालून बसावं लागतं, पण बदललो.

दुसरा बदल धुण्याचा. आधी माल बाथमधून काढला की थेट वाहत्या पाण्याच्या एका टाकीत, आणि नळ दिवसभर सुरू. आता ओळीनं तीन टाक्या आहेत. ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत पडतं आणि उलट्या दिशेनं पहिल्या टाकीकडं येतं. माल त्याच्या विरुद्ध पुढं सरकतो. त्याच्याही आधी लाइनवरचे मामा जिग, म्हणजे माल टांगलेली चौकट, बाथवर धरून, जरा कलती करून, थेंब थांबेपर्यंत उभे राहतात. कागदावर हे काहीच वाटत नाही. पण जिगला चिकटून जेवढं बाथचं पाणी बाहेर जातं तेवढा मालकांचा पैसा जातो आणि तेवढंच माझ्या इटीपीत येतं. मामांना सुरुवातीला हे पटेना. “मॅडम, पीस रेटवर जिग धरून उभं ऱ्हायचं म्हंजे आमचंच नुकसान की ओ!” शेवटी मालकांनी रेट वाढवला तेव्हा जिग थांबली.

एवढं सगळं केल्यावर आम्ही नियमात नापास झालो.

मोजायला सोपं म्हणून धरा, आधी दिवसाला 40 घनमीटर सांडपाणी आणि त्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला 1800 मिलिग्रॅम. आता पाणी 12 घनमीटर आणि टीडीएस 3400. आमचे आकडे याच्या आसपासचेच. क्षारांचं वजन काढलं तर आधी दिवसाला 72 किलो, आता 41 किलोही नाही. पण कन्सेन्टमध्ये, म्हणजे मंडळाच्या परवानगीपत्रात, किलो नाहीत, मिलिग्रॅम आहेत: टीडीएस लिटरला 2100 पर्यंत. म्हणजे 72 किलो सोडणारा पास, 41 किलो सोडणारा नापास. मामांनी हे एका वाक्यात सांगितलं, “रस आटवून काकवी केली म्हणून साखर वाढती व्हय?”

वर आणखी एक कलम. कन्सेन्टमधल्या इटीपीच्या योजनेत क्रोम रिडक्शनची, म्हणजे हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करायची, टाकी आहे, म्हणून ती चालवलीच पाहिजे. आम्ल घालून पीएच दोन-अडीचवर आणायचा, मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळं पाणी हिरवं झालं की कॉस्टिक घालून पीएच परत वर. आमच्या पाण्यात आता पिवळं काही उरलंच नव्हतं. तरी नसलेल्या क्रोमियमवर रोज औषधपाणी सुरू, आणि त्या औषधाचेच क्षार टीडीएसमध्ये भर घालत होते.

म्हणून अर्ज केला होता: रिडक्शनची टाकी बंद करू द्या, मर्यादा किलोवर धरा, त्या बदल्यात रोजचं प्रदूषण आम्ही लेखी कमी करून देतो. सोबत मी अमेरिकेचं एक उदाहरणही जोडलं होतं. तिथल्या पर्यावरण संस्थेनं 1995 मध्ये ‘प्रोजेक्ट एक्सएल’ सुरू केला. कायद्यानं लागतं त्याहून चांगलं काम करून दाखवा, आम्ही नियमांत मोकळीक देतो, असा सौदा. व्हर्जिनियात एल्कटन इथं मर्क कंपनीचा औषधांचा कारखाना आहे, शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाजवळ. त्यांनी बॉयलरचा कोळसा सोडून नैसर्गिक वायू घेतला आणि बदल्यात दर छोट्या बदलाला वेगळी परवानगी न घेता सगळ्या कारखान्याला मिळून उत्सर्जनाची एकच कमाल मर्यादा मिळवली. मालकांना हे पान फार आवडलं होतं. साहेब येण्याआधी तेच फाइलमध्ये सगळ्यात वर लावा म्हणाले.

साहेब आले ते फाइलकडं न बघता थेट लाइनवर. चहा नंतर म्हणाले. मला वाटलं आउटलेटचं पाणी घेतील. त्यांनी पॅसिव्हेशननंतरच्या पहिल्या टाकीतलं पाणी परीक्षानळीत घेतलं, आम्ल टाकलं आणि डायफिनाइल कार्बाझाइडचे थेंब सोडले. हेक्साव्हॅलंट असता तर जांभळट रंग आला असता. पाणी तसंच राहिलं. नळी उजेडात धरून बराच वेळ बघितली, मग विचारलं, “जुना यलोचा बाथ कुठाय?”

“काढून टाकला, साहेब.”

“आणि क्रोमिक ॲसिड?”

मालक माझ्याकडं बघायला लागले. पिवळ्या पॅसिव्हेशनला लागणाऱ्या त्या ॲसिडचा स्टोअरमध्ये अर्धा ड्रम होता, रजिस्टरलाही होता. साहेबांनी स्टोअर उघडायला लावलं. ड्रमच्या झाकणावरची धूळ मधोमध पुसलेली होती.

“एक पार्टी आहे, पंपाचे पार्ट करते. तिला अजून पिवळंच लागतं. महिन्यातून एखादा लॉट, तोही बादलीत करतो,” मालक म्हणाले.

“मग टाकी बंद करायला मागताय कशी?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. साहेब शांतपणे म्हणाले, “अमेरिकेचं पान वाचलंय मी. त्यांनी कोळसा सोडला. तुम्ही काय सोडताय ते सांगा. ड्रम ठेवायचा तर टाकी चालवा. टाकी बंद करायची तर ड्रम गेटबाहेर.”

मालकांनी तिथंच उभ्या-उभ्या त्या पार्टीला फोन लावला. ट्रायव्हॅलंट चालेल का, थोडा रेट वाढेल. पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवून मालक म्हणाले, “गेली पार्टी. न्या ड्रम.”

किलो-मिलिग्रॅमवर मात्र साहेब ऐकेनात. मी माझं गणित मांडलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, बरोबर आहे म्हणाले, आणि विचारलं, “हे पाणी जातं कुठं?” कन्सेन्टप्रमाणं आवारातल्या झाडांना. “मी वाळवा तालुक्यातला. आमचं निम्मं रान क्षारपड झालंय. मातीला तुमचे किलो कळत नाहीत. मुळाशी येणारं पाणी किती खारं, एवढंच कळतं.”

खरं सांगते, याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कृष्णाकाठची पांढरी पडलेली रानं मी पण लहानपणापासून बघत आलेय. नदीत किंवा मोठ्या इटीपीत पाणी जात असतं तर किलोचा मुद्दा मी सोडला नसता. पण झाडाच्या आळ्यात मिलिग्रॅमच मोजायला हवेत. आणि देशपातळीवर ठरलेली मर्यादा सैल करायचा अधिकार त्यांच्या हातात नव्हताच.

मग त्यांनी जे केलं ते मला अजून आठवतं. आउटलेटवर जेव्हीएस, म्हणजे मंडळाचा सीलबंद नमुना, घेतलाच. सॅम्पल नापास होणार हे त्यांना माहीत, मला माहीत. कॅन सील केले, माझी सही घेतली. आणि भेटीच्या अहवालात टीडीएसच्या शेजारी फ्लोमीटरचं रीडिंग, मागच्या वर्षीचं पाणी, आताचं पाणी आणि किलोचा हिशेबही लिहिला. सॅम्पल न घेता गेले असते तर उद्या त्यांच्यावरच बालंट आलं असतं. मोकळीक देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीवर कुणी थाप मारत नाही, पण काही बिघडलं तर सही कुणाची ते पहिलं शोधतात. मालकांना हे पटलं नाही. “बोलावून घेऊन नोटीस घेतली आपण,” असं ते चार लोकांत अजूनही सांगतात.

नोटीस आलीच. सुनावणीला तोच अहवाल कामाला आला. शेवटी पत्र मिळालं ते असं: रिडक्शनची टाकी बंद करायला हरकत नाही, पण क्रोमिक ॲसिड आवारात दिसलं तर परवानगी रद्द. हेक्साव्हॅलंटची चाचणी रोज, आणि ठरावीक मुदतीनं बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून. टीडीएसची मर्यादा तीच. मात्र आरओ आणि बाष्पीभवनाची भट्टी बसवून पाणी परत लाइनला घ्यायचं असेल तर तेवढी मुदत, बँक गॅरंटीवर. तोवर झाडांना थेंब नाही, पाणी टाकीत साठवायचं. ड्रम घातक कचऱ्याचा फॉर्म 10 भरून रांजणगावच्या विल्हेवाट केंद्रात गेला, त्याचं भाडं बघून मालक दिवसभर गप्प होते.

आरओ बसला. भट्टीचं वीजबिल हे वेगळंच दुखणं आहे आणि पावसाळ्यात उघड्यावर स्लज, म्हणजे इटीपीचा गाळ, वाळत नाही ते आणखी वेगळं. आसपासचे कारखानदार त्या पत्राची झेरॉक्स मागायला येतात. मी पत्राबरोबर रोजच्या चाचणीचं रजिस्टर पुढं ठेवते. बहुतेक जण बँक गॅरंटीच्या रकमेपर्यंत वाचतात आणि चहा घेऊन जातात. परवा मात्र एक जण ट्रायव्हॅलंटच्या केमिकलचा दर आणि मामांचा नवा पीस रेट, दोन्ही लिहून घेऊन गेला.