मोठ्या एलईडी डिस्प्लेचा खटका शोधताना
सभागृहातला मोठा एलईडी डिस्प्ले रिमोटला दाद देईना, तेव्हा मी त्याच्या कडा बोटांनी चाचपल्या आणि अखेरीस मागच्या बाजूला, वीजतार खोचतात तिथेच, उभी रेघ आणि शून्य कोरलेला काळा खटका सापडला. रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. तो बंद असताना पुढचा लाल दिवा लागत नाही आणि रिमोट निरुपयोगी ठरतो. रिमोटने बंद केलेला पडदा मात्र स्टँडबायमध्ये थोडी वीज घेतच राहतो. खटका असा दडवण्यात कसले सौंदर्य, कोण जाणे! अनेक पॅनेल जोडून केलेल्या भिंतीएवढ्या पडद्याचा वीजपुरवठा बहुधा वितरण पेटीतून टप्प्याटप्प्याने चालू करतात, म्हणजे सुरुवातीला एकदम ओढल्या जाणाऱ्या प्रवाहामुळे एमसीबी (जादा प्रवाह आल्यास आपोआप वीज तोडणारा खटका) पडत नाही.