हयातीच्या दाखल्याचा महिना

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

नोव्हेंबर लागला की माझ्या सेवा केंद्रात पेन्शनवाल्यांची रीघ लागते. गाव सकाळपासून कापूस वेचायला वावरात, आणि इकडे बाकावर म्हातारी मंडळी पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. मास्तर असतात, वीज मंडळातले असतात, पण माझा जीव अडकतो तो फौजी लोकांत. आमच्या दारव्हा तालुक्यात बऱ्याच गावांत एखादा तरी जुना फौजी सापडतोच. कोणी महार रेजिमेंटचा, कोणी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, कोणी कामठीच्या गार्ड्सचा. १९७१ ला जो वीस-एकवीसचा होता तो आज पंच्याहत्तरीत आहे. १९६५ वाले ऐंशीच्या पुढे गेले, आणि दरवर्षी त्यांतला कोणीतरी या बाकावर दिसेनासा होतो.

आज आबाजी आले. सख्खे नाहीत, पण सारं गाव त्यांना आबाजीच म्हणतं. अंगठा लावला, मशीन घेईना. दुसरं बोट, तिसरं बोट, तेच. आयुष्यभर कापूस वेचून आणि दोर ओढून बोटांवरच्या रेघा पार झिजून गेल्यात. मग मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायचं ठरवलं. "आबाजी, मोबाइलकडे पाहा," म्हटलं, तर माणूस ताडकन उभा राहिला. छाती पुढे, हात शिवणीला, हनुवटी वर. अ‍ॅपला पापणी हललेली दिसायला हवी, आणि यांची पापणी काही हलेना. डोळे मिचकवा, डोळे मिचकवा, मी सांगतेय.

"परेडमधी हालायचं नसते पोरी."

शेवटी मी म्हटलं, "आबाजी, विश्राम!" त्यासरशी त्यांचे खांदे खाली आले, पापणी लवली आणि मोबाइलवर हिरवी खूण आली. बाकावरची सगळी हसली, आबाजीही हसले. मला मात्र गलबलून आलं. या माणसाला आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठीसुद्धा तो सावधानमध्ये उभा राहतो.

पूर्वी हे काम बँकेत व्हायचं. कॅशियर ओळखीचा असायचा, म्हातारा दारात दिसला की सही घेऊन मोकळा. आता पेन्शन 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून येते, तिचं मुख्य कार्यालय प्रयागराजला. व्यवस्था वाईट नाही. पैसा थेट खात्यात पडतो, कुठे काय अडलं ते पडद्यावर दिसतं. पण ज्याने सातवीनंतर शाळा सोडली आणि शकुंतला रेल्वेत बसून मूर्तिजापूर गाठलं, तिथून मध्य प्रदेशातल्या सागरच्या ट्रेनिंग सेंटरला गेला, त्याने आज लॉगिन आणि पासवर्ड सांभाळावा ही अपेक्षा कोणाकडे पाहून केली असेल? त्याच्या आणि प्रयागराजच्या मधे कोणीतरी बसायला हवं. सध्या मी बसते. ज्या गावात सेवा केंद्र नाही तिथे कोण बसत असेल, हा विचार रात्री पाठ सोडत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज शेजारच्या गावची एक आजी आली, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. मालक पासष्टच्या लढाईतले, दिवाळीच्या आधी गेले. फॅमिली पेन्शन चालू करायची आहे. कागद पाहिले आणि माझ्या पोटात गोळाच आला. फौजेच्या रेकॉर्डला आजीचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत. नवरा तेव्हा सीमेवर, रजा संपवून गेलेला, घरी कोणी अर्ज करायचा? साठ वर्षं ती चूक तशीच कागदात पडून राहिली, कोणाच्या ध्यानातही आली नाही, कारण तोवर पेन्शन त्यांच्या नावाने येत होती.

तो माणूस हयात असताना अर्ज गेला असता तर रेकॉर्ड ऑफिसने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलण्याचा आदेश, काढून नाव दुरुस्त केलं असतं. आता प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा दाखला, लग्नाचा पुरावा, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस, आणि मग वाट पाहणं. आजी म्हणाली, "लग्नाचा पुरावा काय देऊ व माय? चार लेकरं हायेत की." मी तिला चहा दिला. नातवाला एकेक कागद कुठून आणायचा ते वहीच्या पानावर लिहून दिलं.

ती गेल्यावर एक काम केलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक फौजीच्या पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, बायकोचं नाव आणि दोघांच्या जन्मतारखा आधारशी जुळतात का, ते तपासायला घेतलं. जन्मतारखेचं महत्त्वही लोकांना ठाऊक नाही. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला ३० टक्के, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला दुप्पट. रेकॉर्डला वय चार वर्षांनी कमी लागलं असेल, तर जेव्हा औषधपाण्याचा खर्च सर्वांत जास्त असतो नेमकी तीच चार वर्षं हातची जातात.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज केंद्र बंद. गावाच्या टोकाला राहणाऱ्या बाबाजींकडे गेले. यांना पेन्शनच नाही, म्हणून ते कधी माझ्या बाकावर येत नाहीत, आणि म्हणूनच ते कोणाच्या यादीत नाहीत.

शिपायाला पेन्शनसाठी साधारण पंधरा वर्षांची नोकरी लागते. बाबाजी एकाहत्तरची लढाई पूर्वेच्या आघाडीवर लढले. पुढे वडील वारले, वावर कसायला कोणी नव्हतं, तर स्वतःच अर्ज करून घरी आले. पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही नाही. ती योजना २००३ ला सुरू झाली, पण त्यांच्यासारख्यांसाठी तिचं दार बंदच. पोरगा चाकणला कंपनीत, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा पावसाने सोयाबीन जागीच सडलं.

त्यांच्यासाठीच एक योजना आहे. हवालदारापर्यंतचा हुद्दा, वय पासष्टच्या वर, पेन्शन नाही आणि दुसरं नियमित उत्पन्न नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिन्याला मदत मिळते. आजवर ती ४,००० रुपये होती. या १ नोव्हेंबरपासून येणाऱ्या अर्जांना ८,००० मिळणार आहेत. हे सांगायलाच मी गेले होते.

बाबाजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "माझ्याहून गरजू कोणी असन, त्याले दे."

मी सांगितलं की हा पैसा ध्वजदिन निधीतला आहे. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला शाळा-कचेऱ्यांतून जो गोळा होतो, तो. तो तुमच्यासाठीच गोळा होतो. ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "आपल्या शाळेतले पोरंबी टाकतात काय त्याच्यात?" हाव म्हटलं. "मंग एवढे दिवस कोठी गेला?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. पैसा कुठे पळाला नव्हता. फक्त या घरापर्यंत निरोप आला नव्हता. जिल्ह्याच्या कार्यालयात कल्याण संघटक असतात, ते तालुक्याला फेरी मारतात, मेळावे भरतात. पण मेळाव्याला जाऊ शकतो तो आधीच थोडाफार सावरलेला असतो. ज्याचे गुडघे गेले, कान गेले, ज्याच्याकडे साधा मोबाइलसुद्धा नाही, तो मेळाव्याला येत नाही, आणि आला नाही म्हणून त्याची विचारपूसही होत नाही. माझं सगळं भांडण याच एका गोष्टीशी आहे. मदत आहे, पण ती खुर्चीत बसून माणसाची वाट पाहते.

अर्जाला डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक, लागतं. ते मागे एकदा पावसाळ्यात मातीची भिंत पडली त्यात गेलं. मी खट्टू झाले. तेवढ्यात बाबाजींनी फळीवरून बिस्किटांचा डबा काढला. आत सुई-दोरा, दाढीचं सामान, आणि फडक्यात बांधलेलं संग्राम मेडल, एकाहत्तरच्या लढाईचं. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं, तर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं. मी नंबरचे पहिले आकडे वाचले आणि पुढचे बाबाजींनी तोंडपाठ म्हणून टाकले, एका दमात, अगदी हजेरीला ओ द्यावी तसे. पन्नास वर्षांपूर्वीचा नंबर! मी तो लिहून घेतला. पोलिसात हरवल्याची तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि हा नंबर घेऊन त्यांच्या रेजिमेंटच्या, सागरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे सेवेच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा आहे. नंबर असला की फाइल सापडते.

निघताना ग्रामपंचायतीची पावती दिसली. बाबाजी अजून घरपट्टी भरताहेत. माजी सैनिकांना ती २०२० पासून माफ आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आबाजींची सून आली होती. पेन्शनचं काम नव्हतं, नुसती बोलायला आली. म्हणाली, सासरे हल्ली नातवांना वावरातून आडवं जाऊ देत नाहीत. सगळ्यांनी धुऱ्याधुऱ्यानेच चालायचं, आधीच्याच्या पावलावर पाऊल टाकून. कोणी मधून गेलं की ओरडतात, थरथरतात. आबाजी एकाहत्तरला पश्चिमेच्या आघाडीवर होते, तिकडे शेतांत सुरुंग पेरलेले. स्वतः ते कधीच वावरातून आडवे गेले नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलंय, पण ती त्यांची सवय म्हणून सोडून दिलं. आता वय झालं, कालचं आठवत नाही, आणि चोपन्न वर्षांपूर्वीचं समोर उभं राहतं.

गावात लोक याला "बुढा सरकला" म्हणतात. मला हे ऐकवत नाही. मी सुनेला १४४१६ हा टेलिमानसचा, मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर दिला. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आबाजींना फोनवर ऐकू येत नाही, पण सुनेने तरी बोलावं. रात्री त्यांना कसं शांत करायचं हे तिलाच कळायला हवंय. बाकी डॉक्टरला दाखवावंच लागेल. आबाजींकडे ईसीएचएसचं कार्ड आहे, पण त्या योजनेचा दवाखाना, पॉलिक्लिनिक, तालुक्याला नाही. पंच्याहत्तरीनंतर एसटीचं तिकीट फुकट असलं तरी अशा अवस्थेत त्यांना एसटीत चढवणार कोण?

फौजी कॅन्टीनला न्यायला मात्र गाड्या मिळतात. महिन्याच्या महिन्याला गावातला एक पोरगा आपल्या बोलेरोत दोघा-तिघा फौजींना घालून नेतो. किराणा येतो, कोट्याची बाटली येते, आणि ती कोणाच्या घरी जाते हेही सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईसमोर बसूनच विचारलं, की ज्या दिवशी कॅन्टीनला जाशील त्याच दिवशी आबाजींना पॉलिक्लिनिकला सोडशील काय, आणि येताना घेऊन येशील काय. त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, नेतो, पण सोबत कोणीतरी पाहिजे, डॉक्टरशी मले बोलता येत नाही.

पहिल्या खेपेला मी जाते. त्या दिवशी केंद्र बंद राहील. सुनेला सांगितलंय, आबाजींचं कार्ड, आधार आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत काढून ठेव. बाबाजींचं प्रतिज्ञापत्र शुक्रवारी तहसीलला होईल. घरपट्टीचा अर्ज ग्रामसेवकाच्या हातात दिला आहे, पोच घेतली आहे.