अंबराई घाटावरची रांग

उदयपूरला लोक राजवाडे बघायला जातात. आम्ही नवरा-बायको गेलो ते भाचा लग्नाची मागणी घालणार होता त्याचे फोटो काढायला, आणि तेही चोरून.

भाचा बंगळुरूला नोकरीला. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, मूळची नाशिकची. जानेवारीत दोघांना एका मित्राच्या लग्नासाठी उदयपूरला जायचंच होतं, तर तिथेच विचारून टाकू असं त्याने ठरवलं. "मावशी, तुझ्याकडे ती मोठी लेन्स आहे ना? तू आणि काका सहज फिरायला आल्यासारखे या. ती तुला ओळखत नाही." अशा फोटोंसाठी तिथे फोटोग्राफर मिळतात, त्यांची पॅकेजं असतात. त्यांचे दर ऐकल्यावर आपल्याला मावशी आठवली, हेही त्याने सांगून टाकलं.

मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर जागांची यादी आली. रील्स बघून केलेली. सगळ्यात वर होतं, 'पांढरे घुमट, एकदम शांत, गर्दी शून्य'. फोटो मोठा करून पाहिला तर आहाडच्या छत्र्या! म्हणजे मेवाडच्या महाराणांची दहनभूमी. राणा प्रतापांचा मुलगा अमरसिंह 1620 मध्ये गेला, त्याची छत्री तिथे आहे, त्याच्यानंतरच्या कितीतरी पिढ्यांच्या आहेत. जागा सुंदर आहे याबद्दल वाद नाही. आम्ही दोघं मुद्दाम जाऊन आलो, आणि उदयपुरात मला सगळ्यात आवडलेली जागा तीच. पण म्हणून स्मशानात मागणी? भाच्याचं म्हणणं, "पण लाइट काय मस्त आहे गं तिथे!"

बाकीची यादी आम्ही दोघांनी पायाखालून घातली. सहेलियों की बाडीत कारंज्यांपेक्षा शाळेच्या सहलीच जास्त. सज्जनगडावर (साताऱ्याचा नव्हे, इथला डोंगरावरचा महाल) सूर्यास्त अप्रतिम, पण वारा असा की मुलीचे केस तिच्या तोंडावर आणि तिची ओढणी शेजारच्या कुटुंबाच्या तोंडावर. पिछोला तलावातली होडी भाच्याच्या फार मनात होती. होडीत लाइफ जॅकेट घालावं लागतं. भडक नारिंगी. आयुष्यभर भिंतीवर लावायच्या फोटोत दोघंही पूरग्रस्त दिसले असते. शिवाय होडीत कोणी गुडघ्यावर बसायला लागलं की नावाडी ओरडणार, ते वेगळंच.

जागा निवडताना सगळे मागे काय दिसतंय ते बघतात. मी आधी सूर्य कुठे असेल ते बघते. सिटी पॅलेस पिछोलाच्या पूर्वेच्या काठावर, अंबराई घाट समोर पश्चिमेच्या. म्हणजे सकाळी अंबराईवरून फोटो काढलात तर सूर्य राजवाड्यामागून थेट लेन्समध्ये येणार आणि राजवाड्याचा नुसता काळा ठोकळा दिसणार. संध्याकाळी बरोबर उलट. मावळतीचं ऊन आपल्या पाठीकडून येतं, समोरच्या भिंती पिवळ्याधमक होतात आणि थोड्या वेळाने दिवे लागतात. म्हणून संध्याकाळी अख्खं गाव अंबराईवर लोटतं. माझं मत होतं गणगौर घाट, आणि तोही सकाळी. बागोर की हवेलीच्या शेजारची ती तीन कमानींची वेस, पलीकडे तलाव, डावीकडे लांबवर पाण्यात जगनिवास, म्हणजे जगतसिंह दुसऱ्यांनी अठराव्या शतकात बांधलेला आणि आता पंचतारांकित हॉटेल झालेला महाल. जानेवारीत सव्वासातनंतर सूर्य वर येतो, आठच्या सुमारास पलीकडचा काठ उजळतो. कबुतरं असतात, त्यांना दाणे टाकणारी माणसं असतात, बाकी शुकशुकाट. आणि तिथली कबुतरं कॅमेऱ्यासमोर यायला कोणाची परवानगी मागत नाहीत.

भाचा म्हणाला, "ती साडेनऊच्या आधी उठत नाही. सात वाजता घाटावर चल म्हटलं तर तिला लगेच कळेल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंबराई ठरलं.

घाटावर मागणी घालायची तर पायऱ्यांची भानगड असते. मुलगा एक पायरी खाली उतरून बसला तर अंगठी मुलीच्या पोटरीशी जाते. दोघं एकाच पायरीवर हवेत, कॅमेऱ्याला आडवे, नाहीतर एकाची नुसती पाठ येते. डबीचं झाकण कॅमेऱ्याच्या बाजूला उघडलं तर अंगठी फोटोत दिसतच नाही. हे सगळं हॉटेलच्या खोलीत करून बघावं म्हणून मी नवऱ्याला साबणाची डबी देऊन गुडघ्यावर बसवलं. आमचं लग्न कांदेपोह्यांवर जमलेलं, त्यामुळे त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच मागणी. गुडघा धरून म्हणाला, "लवकर हो म्हण, कळ येतेय."

ठरलेल्या दिवशी मी पाचलाच घाटावर जाऊन बसले. बसले कसली, उभी राहिले. पाण्याकडच्या ज्या कडेवरून मागे सबंध राजवाडा येतो ती जागा जेमतेम सात-आठ फुटांची, आणि ती प्री-वेडिंगवाल्यांनी ताब्यात घेतलेली. लाल गाऊन, त्याचा लांबच लांब घोळ, तो घोळ हवेत फेकून फ्रेमबाहेर पळणारा एक पोरगा. "वन, टू, थ्री, फेंक!" घोळ पाण्यात पडतो, पिळतात, पुन्हा फेक. त्यांच्यामागे मखमली कोटातला नवरदेव स्पीकरवरच्या गाण्याबरोबर ओठ हलवतोय. त्याच्याही मागे कोणीतरी रंगीत धुराच्या नळकांड्या घेऊन तयार. मी सरळ कडेपाशी गेले, तर एक पोरगा म्हणाला, "आंटीजी, इधर लाइन है."

"हमको सिर्फ पाँच मिनट चाहिए."

"सबको पाँच मिनट ही चाहिए, आंटीजी."

चिडचिड झाली माझी. सार्वजनिक घाट हा, आणि पाण्यापर्यंत जायला रांग! एक म्हातारी हातात छोटी कळशी घेऊन आली, गाऊन ओलांडता येईना म्हणून थोडा वेळ थांबली आणि निमूट दुसऱ्या टोकाला गेली. तिला कोणी आंटीजीसुद्धा म्हटलं नाही. नवरा भिंतीला टेकून चहा पीत होता. म्हणाला, "तूही फोटो काढायलाच आलीयेस." हे त्याने त्या वेळी म्हणायची काही गरज नव्हती.

ते दोघं आले तेव्हा सूर्य मावळून गेला होता. भाच्याने मला शोधलं, बघून न बघितल्यासारखं केलं आणि रांगेत उभा राहिला. पुढे चार जोडपी. समोर राजवाड्याचे दिवे लागले, पाण्यात त्यांच्या रेघा उतरल्या. रांग मात्र इंचभरही सरकेना, कारण धूरवाल्यांची काडी पेटत नव्हती. भाच्याचा उजवा हात जॅकेटच्या खिशात अडकल्यासारखा. ती साध्या जीन्समध्ये, अंगावर शाल, थंडीने एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी आठ-दहा फुटांवर.

"आपण कशासाठी उभे आहोत?" तिने विचारलं.

"फोटोसाठी."

"राजवाडा इथूनही दिसतोय की."

"तिथून जास्त चांगला येतो."

तिने एकदा कडेकडे पाहिलं, एकदा त्याच्या खिशाकडे. "हे बघ, मला प्रचंड भूक लागलीये. तुला जे विचारायचंय ते इथेच विचार आणि मग जेवायला जाऊ."

भाचा खाली बसला. तिथल्या तिथे, ओल्या फरशीवर, लाल गाऊनच्या टोकापासून वीतभर अंतरावर. मोठी लेन्स एवढ्या जवळून कामाची नव्हती, ती बदलायला वेळ नव्हता, म्हणून मी खांद्याची पिशवी टाकली आणि मागे सरकत सरकत भिंतीला टेकले. अंधार इतका की फोकस लागेना. तेवढ्यात त्यांच्या अंगावर उजेड पडला. मघाचा लाइनवाला पोरगा. हातातलं एलईडी पॅनेल नवरदेवाकडून काढून त्याने सरळ भाच्याकडे आणि तिच्याकडे वळवलं होतं, एका हाताने वर धरून, आणि दुसऱ्या हाताने मला खूण करत होता, काढा, काढा. स्पीकर कोणीतरी बंद केला. मखमली कोटवाला स्वतःच्याच शूटमधून बाजूला येऊन बघायला लागला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण भाच्याचा चेहरा लेन्समध्ये होता, तेवढं पुरे होतं.

मग अख्खी रांग टाळ्या वाजवत होती. गाऊनवाली मुलगी तर रडलीच, तिचा मेकअप परत करावा लागला. धूरवाले म्हणाले, "भैया, आप आगे आ जाओ, पहले आपका फोटो." ज्या सात-आठ फुटांसाठी ही मंडळी दुपारपासून ताटकळत होती, ती जागा त्यांनी आपणहून मोकळी करून दिली. मी लेन्स बदलून तयार होते. भाचाही निघाला. तिने हात जोडून सगळ्यांना थँक्यू म्हटलं आणि त्याला उलट दिशेला ओढलं. भूक.

जाताना माझ्यासमोर थांबली. "तुम्ही मावशी ना? दुपारी कचोरीच्या दुकानातही माझ्या मागेच होतात. आईंच्या डीपीत तुम्ही दोघी बहिणी आहात." मग नवऱ्याला म्हणाली, "काका, चला जेवायला." लपायची सगळी मेहनत वाया गेली होती, पण दालबाटी उत्तम मिळाली आणि बिल भाच्याने दिलं.

लाइट धरणाऱ्या पोराला मी पैसे देऊ केले तर घेईना. फोटो पाठवा म्हणाला, नंबर दिला. पाठवला मी.

त्या फोटोत डावीकडे लाल कापडाचं टोक आहे, मागे पोपडे आलेली भिंत, तिच्याशी कोणाचीतरी पाण्याची बाटली. मुलीचं तोंड बोलताना अर्धवट उघडं. मला तो फार आवडतो. बहिणीला त्याच रात्री पाठवला. पहिलं उत्तर आलं ते डोळे पुसणाऱ्या चेहऱ्यांचं. दुसरं पाच मिनिटांनी, "राजवाडा कुठंय? अशी भिंत सारसबागेजवळ पण होती." तिसरं, "उद्या उजेडात परत एकदा बसव त्याला."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी तो मेसेज वाचून दाखवला. भाच्याची तयारी होती, गणगौर घाटाचं नावही त्याने स्वतःच काढलं. ती पराठ्यावर लोणी लावत होती. वर न बघता म्हणाली, "परत विचारलंस तर मी परत विचार करीन हं."